भंगारवाल्याचे हसू : रेड फॉक्स आणि आपल्या विनोदाचा प्रश्न

दलित साहित्याच्या समीक्षेने वेदनेचा विचार केला, विद्रोहाचा केला, नकाराचा केला. हसण्याचा विचार मात्र तिने जवळजवळ केलाच नाही. जणू हसणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे आणि आपल्या वाट्याला फक्त आक्रोश आला आहे! वस्तुस्थिती अशी नाही. ज्याने महारवाड्यात, मांगवाड्यात किंवा शहरातल्या झोपडपट्टीत चार रात्री काढल्या आहेत त्याला ठाऊक आहे की, दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाऊन आलेली माणसे रात्री त्याच मुकादमाची नक्कल करून पोट धरून हसतात. हे हसणे आपल्या आत्मकथनांत आले आहे. समीक्षेत आले नाही. आम्ही शिकलेल्या माणसांनी ते ऐकले आणि गंभीर चेहऱ्याने पुढे गेलो. असे का झाले, आणि त्यात आपण काय गमावले, हा या लेखाचा विषय आहे. तो मांडण्यासाठी मी उदाहरण घेतो ते एका अमेरिकन कृष्णवर्णीय नटाचे. त्याचे नाव रेड फॉक्स.

निमित्त एका विद्यार्थ्याचे. पदवीच्या वर्गात विनोद शिकवत असताना त्याने एका जुन्या अमेरिकन दूरदर्शन मालिकेचे काही भाग फोनवर मला दाखवले. मालिकेचे नाव ‘सॅनफर्ड अँड सन’. एक म्हातारा काळा भंगारवाला आणि त्याचा तरुण मुलगा, एवढीच गोष्ट. तिचा पहिला भाग १४ जानेवारी १९७२ रोजी एनबीसी वाहिनीवर दाखवला गेला. याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिने आपले नाव ऑकलंडच्या ब्लॅक पँथरकडून घेतले. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. विद्यार्थ्याने मात्र जो प्रश्न विचारला त्याने मला अस्वस्थ केले. तो म्हणाला, “सर, हा म्हातारा आपल्या वस्तीतलाच वाटतो. पण याला हसताना लाज कशी वाटत नाही? आपल्यावर कोणी हसले की तर लाज वाटते.”

प्रश्न साधा आहे. उत्तर तितके साधे नाही.

रेड फॉक्सचे खरे नाव जॉन एलरॉय सॅनफर्ड. जन्म ९ डिसेंबर १९२२, सेंट लुई. वडील तो लहान असतानाच घर सोडून गेले. वाढला शिकागोत. शाळा फार झाली नाही. धुण्याच्या टबाला काठी आणि दोरी लावून केलेले वाद्य वाजवणाऱ्या पोरांच्या टोळीत तो शिरला आणि ती टोळी पोट भरायला न्यूयॉर्कला गेली. चाळिशीच्या दशकात तो हार्लेममध्ये एका खानावळीत भांडी घासत होता. त्याच खानावळीत त्याच्यासारखाच तांबूस केसांचा दुसरा एक तरुण कामाला होता. एकाच नावाने दोघांना हाक मारताना घोटाळा होऊ लागला, म्हणून लोकांनी एकाला ‘शिकागो रेड’ आणि दुसऱ्याला ‘डेट्रॉइट रेड’ म्हणायला सुरुवात केली. हा डेट्रॉइट रेड म्हणजे पुढचा माल्कम एक्स. त्याच्या १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या भांडीवाल्या विनोदी मित्राचा उल्लेख आहे.

ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले ते हार्लेमला लागूनच आहे, आणि ज्या दशकात हे दोघे तिथे हमाली करत होते त्याच दशकात, १९४६ साली, बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. म्हणजे हा संबंध आम्ही आज ओढूनताणून जोडत नाही. पुढे म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी काळ्यांच्या साहित्याची ओळख मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात करून दिली. पण आम्ही त्या लोकांकडून त्यांची कविता घेतली, कादंबरी घेतली, संघटनेचे नाव घेतले. त्यांचे हसणे घेतले नाही. रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन यांची नावे आमच्या लेखांतून येतात. रेड फॉक्सचे नाव येत नाही. एकाच खानावळीतून बाहेर पडलेल्या दोन तरुणांपैकी एक आम्हाला आपला वाटला, दुसरा विदूषक वाटला. ही निवड आम्ही कोणत्या निकषावर केली?

आता फॉक्सची घडण कशी झाली ते पाहू. अमेरिकेत वर्णभेदाच्या काळात काळ्या कलावंतांना गोऱ्यांच्या रंगमंचावर मानाने उभे राहता येत नव्हते. त्यांच्यासाठी काळ्यांच्या वस्त्यांतील नाट्यगृहांची आणि रात्रीच्या क्लबांची एक वेगळी साखळी होती. तिला ‘चिटलिन सर्किट’ म्हणत. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. मालकाने मांस ठेवून घ्यायचे आणि गुलामांपुढे आतडी टाकायची, त्यांनी ती शिजवून चवदार करायची, असा त्या खाण्याचा इतिहास. वजडी आणि चान्या ज्यांच्या घरी शिजल्या त्यांना या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको. या साखळीत समोर बसलेला प्रेक्षक काळा. तो दिवसभर राबून आलेला. त्याला हसवायचे तर त्याच्याच भाषेत बोलावे लागे, आणि ती भाषा सोवळी नव्हती. फॉक्स तिथे घडला. १९५६ पासून लॉस एंजेलिसच्या डूटो या कंपनीने त्याच्या विनोदाच्या तबकड्या काढल्या. ही कंपनीही एका काळ्या माणसाच्याच मालकीची होती. पुढे त्याच्या पन्नासहून अधिक तबकड्या निघाल्या. त्यांतला बराचसा मजकूर चावट. गोऱ्यांच्या वस्तीतल्या दुकानात त्या गल्ल्याखालून विकल्या जात, काळ्यांच्या घरी मेजवानीला वाजत. म्हणजे दूरदर्शनवर येण्यापूर्वी हा माणूस तीस वर्षे आपल्या लोकांना, आपल्या लोकांच्या भाषेत, आपल्या लोकांच्या खर्चाने हसवत होता. त्याचा विनोद उसना नव्हता. हे सर्वांत महत्त्वाचे आहे.

महत्त्वाचे एवढ्यासाठी की काळ्या माणसावर हसण्याचा धंदा अमेरिकेत त्याच्या आधी शंभर वर्षे चालू होता. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून रंगमंचावर येत आणि आळशी, भित्रा, चोरटा, सदा दात काढणारा काळा माणूस रंगवत. ‘एमॉस अँड अँडी’ या रेडिओ कार्यक्रमात १९२८ पासून दोन गोरे पुरुष काळ्यांचे आवाज काढून सगळा देश हसवत होते. १९५१ साली तीच मालिका दूरदर्शनवर आली तेव्हा नट काळे घेतले, पण साचा तोच ठेवला. काळ्यांच्या संघटनेने निषेध केला. १९५३ मध्ये नवे भाग थांबले, पुनःप्रक्षेपण मात्र १९६६ पर्यंत चालले. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, नट काळा असला म्हणजे विनोद काळ्यांचा होतो असे नाही. तोंड आपले आणि वाक्य त्यांचे, असेही होऊ शकते.

आपल्याकडे याहून वेगळे काय आहे? तमाशा महार-मांगांच्या घामावर उभा राहिला. त्यातला सोंगाड्या राजालाही सोडत नसे, पाटलालाही सोडत नसे. पण त्याची सुपारी पाटीलच देई आणि फड उठल्यावर सोंगाड्या वेशीबाहेर झोपे. ही मर्यादा ओळखून सत्यशोधक जलशाने तमाशाचा साचा उचलला आणि सोंगाड्याच्या तोंडी भटशाहीला विचारायचे प्रश्न दिले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्या जलशातला विनोद ऐकायला बसलेला माणूस महारवाड्यातला होता, विनोद रचणाराही तिथलाच होता, आणि हसण्याचा रोख वरच्या दिशेने होता. सोंगाड्या तोच, पण त्याचा मालक बदलला! उलट मध्यमवर्गीय मराठी नाटकात रामा गडी आला. त्याने धोतर वर खोचून खेडवळ बोलायचे आणि दिवाणखान्यातल्या लोकांनी हसायचे. रामा गड्याला आडनाव नसे. त्याला घर नसे. तो स्वयंपाकघरातून येई आणि स्वयंपाकघरात जाई.

‘सॅनफर्ड अँड सन’ या दोन परंपरांच्या मधोमध उभी आहे, म्हणूनच ती अभ्यासण्यासारखी आहे. मूळ कल्पना इंग्रज. बीबीसीवर १९६२ पासून गॅल्टन आणि सिम्प्सन या लेखकांची ‘स्टेप्टो अँड सन’ ही भंगारवाल्या बापलेकांची मालिका गाजत होती. बड यॉर्किन आणि नॉर्मन लिअर या दोन गोऱ्या निर्मात्यांनी ती अमेरिकेत आणली. त्याआधी १९७० साली ओसी डेव्हिस यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कॉटन कम्स टू हार्लेम’ या चित्रपटात फॉक्सने एका म्हाताऱ्या भंगारवाल्याची लहानशी भूमिका केली होती. त्या भूमिकेने त्याला हे काम मिळवून दिले. तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. पडद्यावरचा फ्रेड सॅनफर्ड ६५ चा. त्याने पाय ओढत चालायचे, खांदे पाडायचे आणि आवाज खरखरीत करायचा. मालिकेला त्याने आपले खरे आडनाव दिले आणि नायकाला आपल्या मृत भावाचे नाव, फ्रेड. रामा गड्याला आडनाव नसते, हे मी वर म्हटले. येथे भंगाराच्या गाडीवर नटाच्या बापाचे आडनाव रंगवलेले आहे आणि सारा देश ते दर आठवड्याला वाचतो आहे. १९७२-७३ च्या हंगामात ही मालिका देशात दुसऱ्या क्रमांकावर होती.

गोष्ट घडते लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात. ऑगस्ट १९६५ मध्ये याच वॉट्समध्ये पोलिसांच्या दांडगाईतून उठाव झाला, ३४ माणसे मेली. त्यानंतर साडेसहा वर्षांनी त्याच वस्तीतले एक घर दूरदर्शनवर आले. अंगणात मोडक्या शेगड्या, नळ, पलंग, पत्रे. घरात दुसऱ्यांनी टाकलेल्या खुर्च्या. मुलगा लामाँट टेम्पो घेऊन भंगार गोळा करतो, त्याला या धंद्यातून बाहेर पडायचे आहे. बापाला तो जाऊ द्यायचा नाही, कारण तो गेला की म्हाताऱ्याला कोणी नाही. पहिल्याच भागात भंगारात चिनी मातीची एक मौल्यवान मूर्ती हाती लागते. बापलेक ती घेऊन लिलावाला जातात आणि भाव चढवायच्या नादात ती शेवटी त्यांच्याच गळ्यात पडते. श्रीमंतांच्या बाजारात शिरलेल्या गरिबाचे काय होते हे एवढ्या थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल. पण प्रेक्षकाला त्यात उपदेश दिसत नाही. त्याला दोन लोभी, हुशार, फसलेली माणसे दिसतात आणि तो हसतो.

मुलगा निघून जाण्याची भाषा करू लागला की फ्रेड छातीवर हात दाबतो, लटपटतो, आभाळाकडे बघून मेलेल्या बायकोला, एलिझाबेथला, मी तुझ्याकडे येतो आहे म्हणून सांगतो. हृदयविकाराचा झटका! तो खोटा असतो हे मुलाला माहीत, प्रेक्षकाला माहीत. सहा हंगाम हा प्रसंग पुन्हा पुन्हा आला आणि दर वेळी हशा झाला. या हशामागे काय आहे? ज्याच्याजवळ मालमत्ता असते तो मुलाला वाटणीची धमकी देऊ शकतो. ज्याच्याजवळ सत्ता असते तो हुकूम देऊ शकतो. भंगारवाल्या बापाजवळ काहीच नाही. त्याच्याजवळ फक्त आपले मरण आहे. ते तो पुन्हा पुन्हा गहाण टाकतो. आमच्या आया “मी मेल्यावर कळंल” असे म्हणून घरे चालवत आल्या आहेत, हे ज्याला आठवते त्याला फ्रेडच्या झटक्याचे हसू येईल आणि त्या हसण्याचा अर्थही कळेल.

येथे मला माझा एक अनुभव सांगणे भाग आहे, कारण विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. माझे वडील हातगाडीवर रद्दी-भंगार गोळा करत. बीड, पत्रा, पितळ वेगळे करायला मी अक्षरओळखीच्या आधी शिकलो आणि अक्षरओळखही बरीचशी रद्दीतल्या पुस्तकांवर झाली. मी पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एक एकांकिका झाली. तिच्यात एक भंगारवाला होता. खांद्यावर गोणपाट, हातात काटा मारायचा तराजू, तोंडात आमच्या वस्तीची बोली. तो आला की सभागृह हसे. मी तिसऱ्या रांगेत होतो आणि सर्वांत मोठ्याने हसलो. शेजारच्यांनी माझ्याकडे बघू नये म्हणून हसलो. रात्री घरी वडिलांनी विचारले, “नाटक कसं झालं?” मी म्हणालो, चांगले झाले. एवढेच.

त्या एकांकिकेतला भंगारवाला आणि फ्रेड सॅनफर्ड यांच्यात वरवर पाहता फरक नाही. दोघेही लबाड, दोघांचीही बोली गावंढळ, दोघांचेही कपडे फाटके. मग एकाला पाहून मला लाज का वाटली आणि दुसऱ्याला पाहून माझे वडील का आठवले? कारण एकांकिकेतल्या भंगारवाल्याला मन नव्हते. तो कोणाचा बाप नव्हता. त्याला काही हवे नव्हते आणि कशाची भीती नव्हती. काटा मारणे हे त्याचे पूर्ण चरित्र होते. फ्रेडही काटा मारेल. पण त्याला मुलगा हवा आहे, बायकोची आठवण आहे, एकटेपणाचे भय आहे. एकांकिकेत आम्ही भंगारवाल्यावर हसत होतो. मालिकेत भंगारवाला आम्हाला हसवतो आहे. कर्ता कोण आणि कर्म कोण, हा व्याकरणाचा प्रश्न येथे थेट माणुसकीचा प्रश्न होतो.

अर्थात हे आपोआप झाले नाही. पडद्यामागे त्यासाठी झगडा चालू होता. मालिकेचे निर्माते गोरे, सुरुवातीची बरीच संहिता इंग्रजीतल्या मूळ मालिकेवरून बेतलेली. काळ्या घरात माणसे काय बोलतात हे गोऱ्या लेखकांना कसे कळणार? फॉक्स याबद्दल सतत तक्रार करत राहिला. इलुंगा अडेल हा काळा लेखक मालिकेच्या लेखनात आला. रिचर्ड प्रायर आणि पॉल मूनी यांनीही काही भाग लिहिले. मेहुणीची, एस्थरची, भूमिका करायला फॉक्सने आपली सेंट लुईमधली जुनी मैत्रीण लावांडा पेज हिला आणले. ती क्लबांतून आगीचे खेळ करणारी नर्तकी होती, कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याची सवय नव्हती. तिला बदलावे असे ठरू लागले तेव्हा ती गेली तर मीही जातो असे फॉक्सने सांगितले. ती राहिली आणि घराघरांत पोचली. १९७४ साली मोबदला आणि वागणूक यांवरून त्याने कामच बंद केले. बरेच भाग त्याच्याशिवाय, ग्रेडी या शेजाऱ्याला पुढे करून काढावे लागले. ज्याच्या आडनावाची मालिका, त्यालाच आपल्या वाट्यासाठी संप करावा लागला. याला आम्ही नखरा म्हणायचे की हक्काची लढाई? माझ्या मते त्यात दोन्ही होते. पण नखरा करण्याचा अधिकार गोऱ्या नटाला असतो आणि काळ्याने केला की तो कृतघ्न ठरतो, हेही खरे.

हा झगडा त्याच्या एकट्याचा नव्हता. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘गुड टाइम्स’ या मालिकेत एस्थर रोल या अभिनेत्रीने काळ्या कुटुंबात बाप असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा जॉन एमॉस यांची भूमिका लिहिली गेली. पुढे थोरल्या मुलाच्या माकडचेष्टांना हशा मिळू लागला आणि मालिका तिकडे झुकली. एमॉस यांनी विरोध केला. १९७६ साली त्यांना काढून टाकण्यात आले आणि पडद्यावर त्या बापाला अपघातात मारण्यात आले. नंतर रोल स्वतःही काही काळ बाहेर पडल्या. बाजाराला काळ्यांचे हसू हवे असते, काळ्यांची अट नको असते, हा याचा अर्थ आहे.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतील की दूरदर्शनची विनोदी मालिका म्हणजे दोन जाहिरातींच्या मधले भांडवलदारी करमणुकीचे पुडके; तिच्यात क्रांतीची बीजे शोधण्याचा हा खटाटोप कशासाठी? आक्षेप रास्त आहे. फॉक्सने क्रांती केली असे मी म्हणत नाही. ज्या घरांत काळ्या माणसाला पाहुणा म्हणून कोणी बोलावले नसते त्या घरांतही ही मालिका पाहिली गेली, आणि तिथले सगळेच फ्रेडबरोबर हसले असतील असे समजण्याइतका मी भाबडा नाही. काही त्याच्यावर हसले असतील. एकच विनोद दोन घरांत दोन कामे करतो. परंतु म्हणून विनोद करणे सोडायचे काय? मग कविताही सोडावी लागेल. कारण आमच्या वेदनेच्या कविताही काही दिवाणखान्यांत चवीने वाचल्या जातात.

फॉक्सचे दोष मी झाकणार नाही. फ्रेड सॅनफर्ड शेजारच्या पोर्टोरिकन हुलिओची टर उडवतो, पूर्वेकडून आलेल्या लोकांची नक्कल करतो. मेहुणीच्या कुरूपतेवरचे त्याचे विनोद तर संपतच नाहीत, आणि ही मेहुणी काळी स्त्री आहे. ती बायबल आणि पर्स उगारून त्याला पुरून उरते हे मान्य. तरीही काळ्या स्त्रीच्या रूपावर हशा मिळवणे ही गोऱ्यांच्या चष्म्यातून केलेली चेष्टाच आहे. वरच्याने खालच्याला हिणवायचे आणि खालच्याने त्याहून खालचा शोधायचा, हा उतरंडीचा नियम. आमच्या वस्त्यांतला विनोद याला अपवाद आहे काय? महाराने मांगावर, मांगाने भंग्यावर, सर्वांनी मिळून बायकांवर केलेले विनोद आम्ही ऐकलेले आहेत, आम्ही केलेलेही आहेत. आपल्या हसण्याचा गौरव करायचा तर त्याची झडतीही आपणच घेतली पाहिजे. झडती न घेतलेला विनोद जातिव्यवस्थेचा चोरटा माल वाहतो.

‘सॅनफर्ड अँड सन’ १९७७ मध्ये संपली. त्यानंतरची वर्षे फॉक्सला उतरतीची गेली. पैसा मिळवला तसा उधळला. कर थकला आणि १९८९ साली करखात्याने लास व्हेगासच्या त्याच्या घरातल्या वस्तू जप्त करून नेल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या टाकलेल्या सामानात पडद्यावर राहिलेल्या माणसाचे खरे सामान असे उचलले गेले. त्याच वर्षी एडी मर्फी या तरुण नटाने आपल्या ‘हार्लेम नाइट्स’ या चित्रपटात त्याला घेतले आणि नंतर त्याच्यासाठी नवी मालिका उभी केली : ‘द रॉयल फॅमिली’. १८ सप्टेंबर १९९१ रोजी ती सीबीएस वाहिनीवर सुरू झाली.

या नव्या भूमिकेकडे समीक्षकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. मला ती महत्त्वाची वाटते. फॉक्स येथे अटलांटातला टपाल खात्यातला नोकर आहे, अल रॉयल. निवृत्ती आली आहे, बायको, डेला रीस, जिवंत आहे, घर स्वतःचे आहे. दोघांना आता निवांत जगायचे आहे. तेवढ्यात मोडत्या संसारातून मुलगी तीन लेकरे घेऊन माहेरी येते. भंगाराच्या अंगणातून सरकारी नोकरीच्या घरापर्यंतचा हा प्रवास आहे. टपाल खात्याची नोकरी अमेरिकेतल्या काळ्यांना तेच देत आली जे रेल्वे, गिरणी आणि पुढे राखीव जागा यांनी आमच्या बापांना दिले : महिन्याचा पगार आणि मुलांची शाळा. फ्रेडला मुलगा सोडून जाईल याची धास्ती. अलची मुलगी परत येते याची कटकट. रागीट म्हातारा तोच, पण आता त्याच्याजवळ गहाण टाकायला मरणाखेरीज दुसरेही काही आहे. या भूमिकेतून काय घडले असते हे कळायला वेळच मिळाला नाही. ११ ऑक्टोबर १९९१ रोजी, मालिका सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तालमीच्या वेळी सेटवर फॉक्स कोसळला. सोबतच्या लोकांना वाटले, म्हातारा आपला जुना झटका करून दाखवतो आहे. खरा झटका आहे हे थोड्या वेळाने कळले. त्याच दिवशी तो गेला. वय ६८. अंत्यविधीचा खर्च एडी मर्फीने केला. मालिका १९९२ मध्ये बंद पडली.

ही घटना नियतीचा खेळ म्हणून सांगितली जाते. मला तसे सांगायचे नाही. त्या सेटवरची माणसे दुष्ट नव्हती. ती त्याची मित्रमंडळी होती. पण एखाद्याच्या दुखण्याचा एकदा ठराविक प्रयोग झाला की त्याचे खरे दुखणेही प्रयोगच वाटू लागते. येथे आपल्या साहित्याने थांबून विचार करावा. आमच्या वेदनेचेही असे झाले आहे काय? आमचा आक्रोश ऐकायची सवय झालेला वाचक “दलित साहित्य आहे, आता रडतील, आता शिव्या देतील” असे म्हणून पान उलटत नाही काय? विनोदाचा साचा होतो तसा वेदनेचाही साचा होतो. साच्यातून सुटायचे तर माणूस पूर्ण लिहावा लागतो : रडणारा, चिडणारा, लबाडी करणारा आणि हसणारा.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त हे मी पाहिले. कैकाडी कुटुंब डुकरामागे धावते आहे आणि शाळेच्या आवारातून गाव हसते आहे. चित्रगृहात माझ्या आजूबाजूचे प्रेक्षकही आधी हसले. मग हळूहळू त्यांना कळत गेले की आपण कोणाबरोबर हसतो आहोत. शेवटी जब्याचा दगड त्यांच्याच दिशेने आला. हसणाऱ्याला त्याचे हसणे ऐकवणारी ही कला आहे. रेड फॉक्सची वाट वेगळी होती. त्याने हसण्याची दोरी स्वतःच्या हाती ठेवली आणि ती सुटू लागली तेव्हा काम थांबवले. दोन्ही वाटा आपल्या आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. आंबेडकरी जलशातील फार्स, वस्तीतल्या नकला, बायकांच्या उखाण्यांतले टोमणे, जयंतीच्या वर्गणीवरून झालेल्या भांडणांचे किस्से हे आपले वाङ्मयीन साधन आहे. ते गोळा झाले पाहिजे, कोण बोलले त्याच्या नावानिशी. समीक्षेने त्याला विचारावे : हे कोणी रचले, कोणासाठी रचले, आणि याचा मार कोणाच्या पाठीवर बसतो? या प्रश्नांना उतरणारे हसणे विद्रोहाइतकेच आपले आहे.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. त्याने वही घातली आहे आणि आपल्या आजीच्या तोंडचे किस्से तो त्याच बोलीत उतरवून घेतो आहे. पहिल्या पानावर त्याने आजीचे पूर्ण नाव लिहिले आहे, आडनावासकट.